चार खुंट्यांचं गाऱ्हाणं

श्रावण सरत आला की मुलुंडच्या एकूणएक गॅरेजांसमोर गाड्यांच्या रांगा लागतात. गणपतीला कोकणात जायचं असतं ना! वर्षभर जिच्या पोटाकडे कुणी ढुंकून बघितलेलं नसतं, त्या गाडीचे ब्रेक, स्प्रिंगचे पाटे, सायलेन्सर, सगळं एकदम आठवतं. परवा नात म्हणाली, "आज्जी, येतेस? तासभर लागेल फक्त." मी तिचं वाक्य संपायच्या आत चप्पल घातली. या वयात देवळात मी फार वेळ रमत नाही, पण गॅरेजात चार तास बसवा, चहासुद्धा मागणार नाही.

गॅरेज कसलं, दवाखानाच तो. पांढऱ्या टाइल्स, गार हवेची खोली, काचेपलीकडे गाड्या. निळ्या कपड्यांतल्या मेकॅनिकने एक बटण दाबलं आणि नातीची लाल गाडी सावकाश वर गेली. तो दुसऱ्या हातातला मोबाइल बघत होता. वर गेल्यावर 'खट्' असा आवाज झाला आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "व्हय म्हाराजा!"

नात माझ्याकडे वळली. "काय गं? कोण महाराज?"

तिला त्या काचेच्या खोलीत कुठून सांगायला सुरुवात करणार? म्हटलं, घरी गेल्यावर लिहूनच काढू.

तर, आमच्या घरी लिफ्ट होती. ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या चार मजली इमारतींनाही लिफ्ट नसायची, लोक भाजीच्या पिशव्या घेऊन धापा टाकत जिने चढायचे, तेव्हा आमच्या दोन खोल्यांच्या घराला लिफ्ट होती. माझ्या माहेरी, वाकोल्याला, हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईला वाटलं, पोरगी सासरची फुशारकी मारतेय. मारत होतेच. फक्त ती लिफ्ट माणसांसाठी नव्हती, गाड्यांसाठी होती. आणि ती कुठून विकत आणलेली नव्हती, माझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी उभी केली होती.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. मूळचे मालवणकडचे. सहा फूट उंच, शिडशिडीत, आणि तीस वर्षं गिरणीत फिटर. गिरणीत फिटरला बसायची सोय नसते. मशीन उभं, माणूस उभा. त्यामुळे आबा घरी चहासुद्धा उभ्यानेच प्यायचे. गिरणी बंद पडली आणि हा माणूस बसला. अक्षरशः बसला. आमच्या घरमालकीण पाटणकर बाईंच्या बंगल्यामागे आमच्या खोल्या होत्या, तिथल्या ओट्यावर सकाळी बसायचे ते जेवायला उठायचे आणि पुन्हा येऊन बसायचे. बोलणं बंद. मी लग्न होऊन नुकतीच आले होते. सहा फुटांचा माणूस बसून बसून किती लहान दिसायला लागतो, ते मी त्या वर्षी पाहिलं. माझा नवरा विलास टॅक्सी चालवायचा. तो मला हळू आवाजात म्हणायचा, "असेच बसून राहिले तर वर्षसुद्धा काढणार नाहीत गं."

आबांना उठवलं ते विलासच्या पाठीने. आमच्या खोल्यांना लागून बाईंचं जुनं मोटर-गॅरेज होतं, मंगलोरी कौलांचं, चांगलं उंच. बाईंची पांढरी अँबॅसिडर एका कडेला आणि उरलेल्या जागेत विलासची टॅक्सी. सुट्टीच्या दिवशी विलास टॅक्सी जॅकवर चढवायचा, चाकांखाली दगड लावायचा आणि गोणपाट अंथरून खाली सरकायचा. ओल्या जमिनीवर उताणा, डोळ्यांत गंज पडतोय, कोपरं सोलवटलेली. एकदा आबा ओट्यावरून बराच वेळ त्याचे नुसते बाहेर आलेले पाय बघत राहिले. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आवाज चढवून म्हणाले, "मेल्या, माणूस काय असो पडान काम करता? उभ्यान करूक व्हया!"

आणि उठले. दुसऱ्या दिवसापासून भंगारबाजार पालथा घालू लागले. जुने गर्डर आले, पन्हळीसारखे लोखंडी चॅनेल आले, दोन चेन कप्प्या आल्या. पाटणकर बाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी चष्मा सावरून विचारलं, "आबा, माझं गॅरेज पडणार तर नाही ना?" आबा म्हणाले, "बाई, गॅरेज पडात, पण लिफ्ट पडाची नाय." बाईंना हे उत्तर आवडलं की नाही ते कळलं नाही, पण परवानगी मिळाली.

लिफ्ट म्हणजे काय होतं, ते सांगते. चार कोपऱ्यांत चार लोखंडी खांब. मध्ये गाडीची चाकं मावतील असे दोन लांब चॅनेल, पुढे-मागे आडव्या तुळयांवर बसवलेले. पुढे एक कप्पी, मागे एक. दोघांनी साखळ्या एका लयीत ओढायच्या की गाडी हातहातभर वर जायची. खांबांना ओळीने होलं पाडलेली. गाडी हवी तितकी वर गेली की तुळईखालच्या होलात जाड लोखंडी खुंटी सरकवायची. अशा चार खुंट्या. मग साखळी सैल सोडायची, म्हणजे सगळा भार खुंट्यांवर येतो. सगळ्यात वरचं होल आबांच्या डोक्याच्या मापाने होतं. तिथवर गाडी नेली की सहा फुटांचा माणूस तिच्या पोटाखाली ताठ उभा राहू शकायचा. पहिल्या दिवशी आबा तसे उभे राहिले. दोन्ही हात कमरेवर, वर टॅक्सी. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की माझे सासरे हसले की त्यांच्या एका गालाला खळी पडते.

मागची साखळी कोण ओढणार हा प्रश्न होता. विलास दिवसभर टॅक्सीवर. घरात दुसरं माणूस म्हणजे मी. पाच फुटांनाही दोन बोटं कमी. आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून बघायच्या आणि मी माझा कमरेला खोचून साखळी ओढायचे. लाज वाटली का? अजिबात नाही. पहिले आठ दिवस हात मात्र भाकरी थापताना थरथरायचे.

आबांनी कामाची शिस्त आणली ती थेट गावच्या देवळातून. कोकणात गाऱ्हाणं घालतात ते तुम्हांला ठाऊक असेल. एक जाणता माणूस नारळासमोर उभा राहून देवाला सांगतो, 'बा देवा म्हाराजा...' आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे एका सुरात म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' लग्नानंतर गावी गेले तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं. अर्ध्या लोकांचं लक्ष नारळाच्या खोबऱ्याकडे होतं, पण 'व्हय म्हाराजा' कुणाचंही चुकत नव्हतं. गॅरेजात आबा तसंच करायचे.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या टॅक्सीचां प्वाट बघूचां आसा. फुडली डावी खुंटी बसली काय?"

"व्हय म्हाराजा!"

"फुडली उजवी बसली काय?"

"व्हय म्हाराजा!"

अशा चारही झाल्या की, "आता गाडयेखालच्या माणसांका सुखरूप उभी ठेव रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आणि मग साखळी सैल. गल्लीतल्या लोकांना आधी वाटलं आमच्याकडे रोज कसली पूजा चालते. मग भांडुप-घाटकोपरचे टॅक्सीवाले यायला लागले, तेव्हा त्यांनाही सवय झाली. तेही बाहेर उभे राहून सुरात सूर मिसळायचे.

त्या वर्षीचा गणपतीचा हंगाम म्हणजे आबांची परीक्षाच होती. गाड्या नीट कोकणात जाऊन नीट परत आल्या तर लिफ्टचं नाव होणार होतं. काही वेडंवाकडं झालं, तर ओटा होताच. हे आम्ही दोघं बोलायचो नाही, पण सकाळी गॅरेजचं दार उघडताना आबा ओट्याकडे बघायचे नाहीत.

एका लिफ्टमधून काय काय काढावं, ते आबांकडून शिकावं. त्यांचा नियम होता, गाडी वर एकदाच जाणार. तेव्हा वर असताना तिचं सगळं पोट बघून घ्यायचं. कुणी नुसतं ऑइल बदलायला आला तरी आबा हातदिवा घेऊन पुढून मागे चालत जायचे. ब्रेकचा पाइप हाताने चाचपायचा, पाट्यांची पानं मोजायची, सायलेन्सर बोटाने वाजवून बघायचा. मला म्हणायचे, "आवाज आयक. ह्यो बरो आसा. आता ह्यो आयक. गंजलो." मला पंधरा दिवसांत गंज ऐकू यायला लागला. रॉकेल, ग्रीस आणि ओल्या गोणपाटाचा वास माझ्या केसांतून जायचा नाही, आणि मंगळागौरीला मी त्याच वासासकट फुगड्या घातल्या.

गाडी नसली तरी लिफ्ट रिकामी नसायची. मुसळधार पावसात नाल्याचं पाणी आवारात शिरलं तेव्हा तांदळाची कोठी, गाद्या, माझं शिवणयंत्र आणि शेजारच्या भजनी मंडळाची पेटी, सगळं चॅनेलवर फळ्या टाकून वर चढवलं. पाणी ओसरल्यावर मंडळाने सराव तिथेच सुरू केला, कारण बाकी सगळ्यांच्या घरात चिखल होता. वर एक टॅक्सी टांगलेली, खाली दहा बायका टाळ वाजवताहेत. आधी अर्थातच चार खुंट्यांचं गाऱ्हाणं. आबांनी देवाच्या कामालाही सूट दिली नाही.

गावाहून परत आलेल्या गाड्यांची तर गंमतच वेगळी. त्यांच्या पोटाला लाल माती चिकटलेली असायची, चाकांमागे घट्ट बसलेले गोळेच्या गोळे. आबा ती खरवडून फेकून द्यायचे नाहीत. बोटांत चुरायचे, वास घ्यायचे. "ही राजापूरची. ही आमच्या बाजूची." खरं की थाप, देव जाणे. त्या वर्षी आबा स्वतः गावी जाऊ शकत नव्हते. ती सगळी माती त्यांनी डब्यात जमवली आणि आमच्या तुळशीच्या कुंडीत घातली. आमची तुळस मुलुंडमध्ये असून कोकणच्या मातीत वाढली, हे मी आजही ऐटीत सांगते.

आणि मग तो दिवस. हंगाम ऐन भरात. पाटणकर बाईंना राजापूरजवळच्या आपल्या गावी जायचं होतं, नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि स्वतः गाडी चालवत. निघायला तीन दिवस उरले होते. अँबॅसिडर वर घेतली. बाई दाराशी उभ्या राहून कौतुकाने बघत होत्या. पुढच्या दोन खुंट्या आबांच्या, मागच्या दोन माझ्या. सगळ्यात वरच्या होलात खुंटी घालायला मी रोज पाटावर उभी राहायचे. त्या दिवशी पाट कुणीतरी भजनाला बसायला नेला होता. मी चवड्यांवर उंच झाले. डावी कशीबशी बसली. उजवीचं नुसतं टोक शिरलं. खांदा भरून आला होता. आणि आबांचा सूर लागला, "मागली उजवी बसली काय?"

"व्हय म्हाराजा!"

मला माहीत होतं, ती बसलेली नाही. तरी मी म्हटलं.

आम्ही साखळ्या सैल सोडल्या आणि आबांनी एक पाय आत टाकला. कडाड् आवाज झाला, मागचा उजवा कोपरा वीतभर खाली आला, आणि मागची साखळी ताणून तिथेच थांबली. पूर्ण सैल झाली नव्हती म्हणून. खुंटी आबांच्या पायाजवळ वाजत पडली. बाई किंचाळल्या. मी साखळीला धरून नुसती उभी. आबांनी खुंटी उचलली, खिशात घातली. आम्ही दोघांनी गाडी पुन्हा खाली घेतली. आणि मग आबा गॅरेजातून निघाले, आणि ओट्यावर जाऊन बसले.

मला आबांच्या पायाची भीती वाटली नाही इतकी त्या बसण्याची वाटली. विलास दुपारी जेवायला आला आणि भडकला. "अगं, वाट लागली असती ना! माणूस गेला असता! आजपासून तू हात लावायचा नाहीस. संपलं." बाई येऊन समजुतीने म्हणाल्या, "राहू द्या आबा. यंदाही नाही गेले तर काही बिघडत नाही." त्यांचं ते 'यंदाही' ऐकून मला रडू फुटलं.

आबांनी मला जवळ बोलावलं. "खुंटी बसाक नाय, ह्यां तुका ठावक होतां?"

"हो आबा."

"मगे व्हय कित्याक म्हटलंस?"

मी पदराने नाक पुसलं आणि मनात होतं तेच बोलले. "गाऱ्हाण्यात नाही कोण म्हणतं, आबा?"

आबांनी खिशातली खुंटी काढून तळहातावर फिरवली. "खरां," ते म्हणाले. "चूक तुझी नाय गो. गाऱ्हाण्यात मी नाय म्हणूक जागाच ठेवूक नाय."

आणि उठले. विलास म्हणाला, "आबा, आता ती नको." आबांनी मान वळवलीसुद्धा नाही. "खुंटी तीच घालतली."

मला खांबाला पाठ लावून उभं केलं. "हात वर कर. चवड्यार नको. सरळ उभी रव." माझा हात जिथे सहज पोचत होता तिथे खडूने रेघ मारली. मग छातीला टेकवून चालवायचं हातड्रिल घेतलं आणि वरच्या होलाच्या खाली, त्या रेघेवर, नवीन होल पाडायला सुरुवात केली; त्याखालचं जुनं होल पार कमरेच्या मापाचं होतं. जाड गर्डर, हाताचं ड्रिल. एका खांबाला अर्धा दिवस. लोखंडाचा भुगा त्यांच्या घामाला चिकटत होता. दोन दिवसांत त्यांनी चार खांब पुरे केले, आणि मी ड्रिलवर तेल सोडत बाजूला उभी होते. मधूनमधून मला म्हणायला लावायचे, "म्हण, नाय म्हाराजा."

"नाय म्हाराजा."

"मोठ्यान म्हण. घाबरतंस कित्याक?"

"नाय म्हाराजा!"

सगळ्या आवाराने ऐकलं. वरच्या गॅलरीतून पाटणकर बाई खळखळून हसल्या. त्या दिवसापासून आमच्या गाऱ्हाण्याची रीत बदलली. आबांनी विचारलं की पहिलं उत्तर 'नाय म्हाराजा'. मग जायचं, खुंटी हाताने हलवून बघायची, आणि तेव्हाच 'व्हय'. टॅक्सीवाल्यांना या नव्या पद्धतीची इतकी मजा वाटायची की 'नाय म्हाराजा' म्हणायला ते माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी अँबॅसिडरचं पोट पुन्हा पाहून झालं आणि बाई निघाल्या. डोक्याला रुमाल, मागच्या सीटवर मखर. गौरी-गणपती करून परत आल्या त्या चाकांमागे लाल मातीचे गोळे घेऊनच. आबांच्या हातात नारळ ठेवून म्हणाल्या, "घाटात एकदाही भीती वाटली नाही हो." दिवाळीपर्यंत आबा ओट्यावर बसलेले मी पाहिले नाहीत. बसले ते फक्त बूट काढायला.

नवीन होलात लिफ्ट घेतली की मी ताठ उभी राहू शकायचे. आबा नाही. त्यांना मान वाकवून काम करावं लागायचं. मी खूपदा म्हटलं, "आबा, मी नसेन तेव्हा तरी वरच्या होलात घेत जा." ते म्हणायचे, "बघूया." बाळंतपणाला मी तीन महिने वाकोल्याला होते, तेव्हा माझ्या जागी विलास साखळी ओढायचा. मला वाटायचं, चला, तेवढे दिवस तरी आबांची मान सुटली.

पुढे आबा गेले. बंगल्याच्या जागी इमारत होणार म्हणून गॅरेज पाडायचं ठरलं. गॅस-कटरवाला खांब कापत होता तेव्हा विलासने मला हाक मारली. "हे बघ." माझ्या मापाच्या होलांच्या कडा घासून घासून चकचकीत झाल्या होत्या. वरच्या होलांना गंज चढून ती जवळजवळ बुजली होती. मी म्हटलं, "मी वाकोल्याला होते तेव्हा?" विलास म्हणाला, "मी म्हटलं ना तेव्हा. वर घेऊ या, ती कुठे आहे आता. आबा म्हणाले, ती येतली. तिचां होल बदलूचां नाय."

मी खांबाला हात लावून तिथेच थांबले. तीस वर्षं गिरणीत ताठ उभा राहिलेला माणूस. ज्याने उभं राहता यावं म्हणून लिफ्ट बांधली, तो शेवटपर्यंत तिच्याखाली वाकून उभा राहिला. मला आबांचा अभिमान आहे. सांगताना माझा आवाज चढतो, आणि चढू दे.

तर परवा त्या काचेच्या खोलीत. मेकॅनिक दारात येऊन मोबाइल खिशात घालत म्हणाला, "काकी, ऑइल झालं. उतरवू ना गाडी?" नात म्हणाली, "हो, हो." मी दार ढकलून थेट गाडीपाशी गेले. गाडीच्या पोटाखाली मला डोक्यावर भरपूर जागा होती. ब्रेकचे पाइप कुणी चाचपले नव्हते. मागच्या चाकाजवळचा रबर चिरलेला होता, तो कुणी पाहिलाच नव्हता.

"नाय म्हाराजा!" मी म्हटलं. मोठ्याने. सगळं गॅरेज थांबलं.

"अजून बघून झालं नाही," मी त्याला सांगितलं, आणि हातदिवा मागितला.